येतो म्हणजे येतो

अ‍ॅमस्टेलव्हीन,
८ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

इथूनच वाकून नमस्कार करतोय, पोचला असं समज.

वाईट बातमी आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तुला शांतपणे वाचता येईल. मी पुन्हा नापास झालो. बोलण्याच्याच पेपरात. वाचण्याचा पेपर सुटला, ऐकण्याचा सुटला, लिहिण्याचा काठावर सुटला. कचरा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा आणि खेमेन्ते, म्हणजे इथली नगरपालिका, कशाकशासाठी असते, त्या पेपरात तर मी चमकलो. अडलंय ते फक्त बोलण्यापाशी. लहानपणी ज्या पोराला तू 'जरा तोंड मिट' म्हणून दटावायचीस, तो दोनदा बोलण्यात नापास झाला. हसू आलं तर हस. प्रांजली हसली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

त्या परीक्षेत समोर माणूस नसतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक बाई येते, प्रश्न विचारते आणि नुसती बघत राहते. आपण बोलत असलो की समोरचा 'हं', 'बरं', 'मग?' असं काहीतरी करतो. ती काहीच करत नाही. माझं वाक्य मध्यावर येऊन तिच्या 'हं'ची वाट बघत थांबतं आणि तेवढ्यात वेळ संपते.

आता तू म्हणशील, एवढं काय त्यात. तर आम्हाला इथे पाच वर्षं झाली. आलो प्रांजलीच्या नोकरीवर. तिची परीक्षा कधीच झाली आणि चैत्राली लहान, तिला परीक्षाच नाही. त्या दोघींना आता कायमचं राहण्याचा परवाना मिळेल. मला ही परीक्षा सुटल्याशिवाय मिळणार नाही. कोणी हाकलणार नाही मला, प्रांजलीचा नवरा म्हणून राहता येईलच. पण एकाच घरात त्या दोघी इथल्या आणि मी त्यांच्याकडे उतरलेला पाहुणा, हे मला नको आहे. मध्ये पोट बिघडलं म्हणून इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलो, तर दहा वर्षांची पोर माझ्या वतीने बोलत होती. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, ही इज आस्किंग, दिवसातून किती वेळा जातोस?" ती घरी आल्यावर विसरलीसुद्धा. मी अजून विसरलेलो नाही.

दोष माझाच आहे. सारंगच्या इंडियन दुकानात दुपारपासून काम करतो, तिथे सारखं मराठी नाहीतर हिंदी. डच लागतं ते फक्त 'पिशवी हवी का' एवढ्यापुरतं. म्हणून आता तळमजल्यावरच्या मेफ्राउ डिक्स्ट्रांना गाठलंय. मेफ्राउ म्हणजे बाई. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, एकट्या असतात. त्यांच्या सायकलचं पंक्चर काढून दिलं तेव्हा ओळख झाली. दर मंगळवारी दहा ते साडेअकरा त्या माझ्याशी डच बोलणार आहेत. जानेवारीत तिसऱ्यांदा बसतोय.

आणि तू इकडे कधी येतेस? प्रांजली रोज विचारते.

येतो,
अंबरीश

सराव म्हणून काही प्रश्न मराठीत करून खाली दिलेत. सोडवून बघ.

*

कराड,
१५ सप्टेंबर

अंब्या,

नमस्कार पोचला. आशीर्वाद टॅबवरच्या ईमेलमधून कसा पाठवायचा ते प्रांजलीने शिकवलेलं नाही, तेव्हा हातानेच देते आहे.

प्रश्न सोडवले. पहिला: शेजारीण हॉस्पिटलमधून घरी आली आहे, तुम्ही काय कराल? कार्ड पाठवाल, फोन करून भेटीची वेळ ठरवाल, की काहीच करणार नाही? अरे, मऊ भात आणि मेतकूट घेऊन जाईन, हे उत्तर कुठाय? मग मी तिथे चौथा पर्याय लिहिला आणि स्वतःला पूर्ण मार्क दिले. दुसरा: ऑफिसातल्या माणसाने वाढदिवसाचा केक आणला, तुम्ही कोणाला शुभेच्छा द्याल? तू म्हणतोस त्याच्या बायकोलाही आणि आईलाही द्यायच्या. हे मात्र मला पटलं. त्या माउलीचे कष्ट असतातच की.

आता माझ्या येण्याचं. तुला ठाऊक आहे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. कानाला हेडफोन लावून सगळ्या सातारा जिल्ह्याची बोलणी जोडून दिली आणि आता दारावरची बेल ऐकू येत नाही. म्हणून तर फोन सोडून तुला पत्र लिहायला लावते. मराठी ओठांवरून वाचते आणि वेळ मारून नेते. डच ओठ कसे वाचू? तुझ्या घरी येऊन मी भिंतीकडे बघत बसणार आणि तुम्ही तिघं माझ्यासाठी ओरडून बोलणार. त्यापेक्षा इथे बरी आहे. माझी शेजारीण नीलिमा रोज डोकावते, भाजीवाला खुणेने भाव सांगतो.

तू प्रत्येक पत्राखाली 'येतो' लिहितोस. वाचून बरं वाटतं. मी मात्र लिहिणार नाही. जी बाई कुठे जात नाही तिने 'येते' कशाला लिहायचं?

त्या बाईंकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

पुरे आता.
आत्या

*

अ‍ॅमस्टेलव्हीन,
१९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

बरेच दिवस लिहिलं नाही, रागावली असशील. दुकानात दिवाळीचा माल, मग चैत्रालीचा ताप, असं चाललं होतं.

मेफ्राउंकडे नियमाने जातो. पहिल्यांदा प्रांजलीने केलेल्या चकल्या घेऊन गेलो, तुझं ऐकून. त्यांनी एक खाल्ली, डबा बंद केला, आणि पुढच्या आठवड्यात तोच डबा माझ्यापुढे उघडून ठेवला. असो. बाई शाळेत शिक्षिका होत्या. कानात यंत्र आहे, तरी कमीच ऐकू येतं, त्यामुळे मला वाक्य अर्ध्यात सोडून चालत नाही. पुटपुटलो की त्या तळहात कानामागे धरतात. मग पुन्हा, मोठ्याने, शेवटपर्यंत. यानेच मी सुधारेन असं वाटायला लागलं होतं.

पण गेले काही मंगळवार काहीतरी बिनसलंय. दार उघडल्याबरोबर विचारतात, "वार वास यं नाउ?" म्हणजे कुठे होता तुम्ही? आणि घड्याळाकडे बघतात. पहिल्यांदा मी म्हटलं, दुकानात. त्यांनी 'अच्छा' अशी मान हलवली. मला वाटलं, उशीर झाला असेल. इथे दोन मिनिटांचा उशीर म्हणजे केवढं तरी. म्हणून पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी गेलो. पुन्हा तेच. मग पंधरा मिनिटं आधी गेलो. आज तर साडेनऊलाच बेल मारली, तर बाई गाउनमध्ये, हातात टूथब्रश. तरी प्रश्न तोच, कुठे होता? आता याहून लवकर जायचं तर रात्री त्यांच्याकडेच झोपावं लागेल.

शिवाय आत गेल्याबरोबर हातात गोठवलेल्या सुपाचा डबा देतात. वाटाण्याचं घट्ट सूप, चमचा उभा राहील असं. मागच्या मंगळवारचं उरलंय म्हणतात. एकटी बाई, दर आठवड्याला दोन माणसांचं सूप कशाला करते कोण जाणे. डबा देताना पूर्वीसारखं हसत नाहीत. माझ्या शिकवणीचा कंटाळा आला असेल आणि सांगायचा संकोच वाटत असेल. मीच थांबवावं का? पण मग जानेवारीचं काय? खरं सांगतो, मला धास्ती वाटायला लागली आहे. तिसऱ्यांदाही राहिलो तर चौथ्यांदा बसायची माझी हिंमत नाही.

येतो,
अंबरीश

*

कराड,
२१ नोव्हेंबर

अंब्या,

शिकवणी थांबवू नकोस. कंटाळलेली बाई सूप करत नाही.

मला एकच सांग. त्यांच्या घरून निघताना तू दारात नेमकं काय बोलतोस? डचमध्ये जे म्हणतोस ते जसंच्या तसं लिही आणि शेजारी अर्थ लिही. शहाणपणा करून सुधारू नकोस.

आत्या

*

अ‍ॅमस्टेलव्हीन,
२२ नोव्हेंबर

आत्या,

काय बोलणार? आपण म्हणतो तेच. चपला घातल्या, दारात वळलो, हात हलवला आणि म्हटलं, "इक कोम, होर." येतो हं. बस, एवढंच.

का गं?

येतो,
अंबरीश

*

कराड,
२३ नोव्हेंबर

अरे माझ्या बाळा,

त्या भाषेत येतो म्हणजे येतो.

तुझं उत्तर वाचलं आणि एकटीच इतकी हसले की नीलिमा धावत आली. तिला बेल वाजवावी लागली नाही, दार उघडंच होतं. तिला सांगितलं तर तीही हसायला लागली आणि मग दोघींच्या डोळ्यांसमोर ती बाई आली. नीट विचार कर. तू साडेअकराला दारात उभा राहून 'येतो हं' म्हणतोस आणि खुशाल दुकानात निघून जातोस. ती बाई सूप गॅसवर ठेवते आणि तुझी वाट बघते. दर मंगळवारी. आठवड्याने तू उगवलास की ती विचारते, कुठे होता? आणि तू आणखी लवकर जातोस.

मला संशय आला तो दोन माणसांच्या सुपावरून.

हे तुझ्या तोंडात घट्ट बसवलं मीच. तू सात वर्षांचा असशील, शाळेला निघताना 'जातो' म्हणालास. मी तुला उंबऱ्यातून मागे आणलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि 'येतो' म्हणायला लावलं. तुझी शाळेची घंटा चुकली. आजही तसंच करीन. आपल्याकडे निघणारा माणूस परत येण्याचं बोलून निघतो, त्यात काही चूक नाही. तिला ते ठाऊक नाही एवढंच. आणि तुलाही ठाऊक नव्हतं की तिला ठाऊक नाही.

मंगळवारपर्यंत थांबू नकोस. चैतूला बरोबर नेऊ नकोस. हे तुझ्या तोंडाने सांग.

पुरे आता.
आत्या

*

अ‍ॅमस्टेलव्हीन,
२५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

काल रविवारी, न विचारता, वेळ न ठरवता, इथे कोणी करत नाही ते करून खाली गेलो. वाक्यं घरी पाठ केली होती. चैत्राली म्हणाली, "बाबा, आय कॅन कम विथ यू." मी म्हटलं, नको. तिने खांदे उडवले, पण जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होती.

दार उघडलं. त्या घड्याळाकडे बघणार तेवढ्यात मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि तोंडात आलं तसं बोललो. म्हटलं, मेफ्राउ, माझ्या भाषेत येतो म्हणजे जातो. त्यांनी तळहात कानामागे धरला. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, शेवटपर्यंत. समोरच्या घरातला माणूस कुत्रं घेऊन चालला होता, तो थांबून ऐकायला लागला.

त्यांनी मला आत बसवलं. म्हणाल्या, मग तुम्ही खरंच येता तेव्हा काय म्हणता? मी म्हटलं, तेव्हा म्हणतो 'आलो', आणि तेही बहुतेक वेळा अजून निघालेलो नसतो तेव्हा. आत्या, ती बाई हसून हसून खुर्चीत घसरली. कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं, ते काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा हसली.

मग उठून त्यांनी कपाट उघडलं आणि दोन खोलगट ताटल्या दाखवल्या. दर मंगळवारी या मांडायच्या आणि दोन वाजले की एक उचलून ठेवायची. मला इतकं लाजल्यासारखं झालं. माफी मागायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, "तुम्ही आला नाहीत की वाईट वाटायचं. पण दोन वाजेपर्यंत कोणीतरी येणार आहे, हे फार छान वाटायचं."

हे सगळं मला कळलं. एकही शब्द वर जाऊन चैत्रालीला विचारावा लागला नाही.

मी सांगितलं, आता बरोबर वाक्य शिकवा, मी निघताना 'इक खा' म्हणेन, जातो. त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. माझ्या तोंडातून ते निघेना. घशात खरखरतं ते वेगळंच, पण दारात उभं राहून 'जातो' म्हणायचं म्हणजे तू मागून येऊन पाटावर बसवशील असं वाटतं. त्या म्हणाल्या, राहू दे, तुम्ही आपलं येतोच म्हणा. फक्त मग या.

सारंगशी बोलून मंगळवारची पाळी संध्याकाळवर घेतली आहे. उद्यापासून साडेअकराला येतो म्हणून निघायचं, वर येऊन घरचं आवरायचं आणि साडेबाराला जेवायला खाली जायचं.

येतो,
अंबरीश

आठवलं म्हणून सांगतो. मागच्या परीक्षेत एक प्रश्न होता: तुम्ही मित्राच्या वाढदिवसाला गेला आहात, तुम्हाला लवकर निघायचं आहे, काय म्हणाल? मी आत्मविश्वासाने 'इक कोम' म्हणून पुढच्या प्रश्नावर गेलो होतो.

*

कराड,
१ डिसेंबर

अंब्या,

पत्र तीनदा वाचलं. नीलिमाला वाचून दाखवलं, तिने तिच्या सुनेला सांगितलं, तेव्हा कराडात तुझी अब्रू किती उरली आहे ते मी सांगू शकत नाही.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. वाट बघायला कोणी असलं की दुपार सोपी जाते, हे मला कोणी डचमध्ये सांगितलं तरी कळेल.

त्यांच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणालास. माझंही वाजवायचं. म्हणून मी ते डब्यात ठेवून दिलं होतं. कालपासून पुन्हा लावून बघते आहे, उगाच. कुकर केवढा ओरडतो रे.

अभ्यास कर.

पुरे आता.
आत्या

*

अ‍ॅमस्टेलव्हीन,
१४ मार्च २०२५

प्रिय आत्या,

पास.

आधी हे लिहून टाकलं. आता नीट सांगतो. डिसेंबर-जानेवारी मी मेफ्राउंकडे जेवलो. पुस्तकातले प्रश्न आम्ही सोडूनच दिले. जेवताना माणूस जे बोलतो तेच बोललो. त्यांचा नवरा ट्राम चालवायचा, त्यांच्या मुलीचं ग्रोनिंगनला कसं चाललंय, माझा पुण्यातला लग्नपत्रिकांचा छापखाना का बंद झाला, सुपात हिंग घातला तर काय होईल. हिंग घातला. त्यांनी खिडकी उघडली, पण ताटली पुसून खाल्ली.

जानेवारीच्या शेवटी परीक्षा झाली. पडद्यावरची बाई आली, नेहमीसारखी मख्ख. मी मनात म्हटलं, हिला ऐकू कमी येतं. मग काही अवघड वाटलं नाही. मोठ्याने, शेवटपर्यंत बोललो. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने दोनदा वळून बघितलं.

आणि प्रश्न आला. खरंच आला. तुम्ही शेजारणीकडे कॉफीला गेला आहात, आता निघायचं आहे, काय म्हणाल? 'इक खा' म्हणायचं हे मला पक्कं माहीत होतं. तू डोळ्यांसमोर आलीस, पाटासकट. मग मी म्हटलं, "मी घरी जातो. पण मी येतो. मंगळवारी, जेवायला." तिन्ही वाक्यं व्याकरणात बसतात, मेफ्राउंनी तपासून सांगितलं. बाहेर येऊन सायकलला कुलूप लावलंय की काढायचंय तेही सुचत नव्हतं.

काल निकाल आला. प्रांजली या वेळी हसली आणि मग रडली. चैत्रालीने शाळेत सांगितलं की माय फादर स्पीक्स डच नाउ, आणि पुढच्या आठवड्यात पालकसभेला मी एकटा जाणार आहे. त्या दोघींच्या बरोबर आता माझाही अर्ज जाईल. पाहुणा संपला, आत्या.

एक मागणं आहे. मेफ्राउ तुझ्याबद्दल फार विचारतात. कोडं तू सोडवलंस हे त्यांना सांगितलंय. तुझ्या कानांचं सांगितलं तर म्हणाल्या, मग काहीच अडचण नाही, मलाही ऐकू येत नाही, आम्ही दोघी आरामात बसू. तू नाही म्हणणार हे माहीत आहे. तरी विचारतो. त्यांनी तिसरी ताटली काढून ठेवली आहे.

येतो,
अंबरीश

*

कराड,
१७ मार्च

चिरंजीव अंबरीश,

आज पूर्ण नावाने हाक मारते, तेवढा मान मिळवलास.

निकाल वाचून देवापुढे साखर ठेवली आणि नीलिमाकडे पेढे पाठवले. तुझे वडील असते तर त्यांनी सगळी गल्ली जमवली असती. मी नुसती बसून राहिले आणि पुन्हा वाचलं. मला फार आनंद झालाय, अंब्या. तुझी परीक्षा सुटली म्हणून झाला, आणि तू त्या पडद्यावरच्या बाईलासुद्धा 'येतो' म्हणून उठलास, म्हणून जास्त झाला.

आता रागावू नकोस. डिसेंबरापासून मी आणि प्रांजली तुझ्यामागे काही उद्योग करत होतो. पासपोर्ट तिनेच आग्रह करून काढून घेतला. व्हिसासाठी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. वय झालं की बोटांच्या रेघा पुसट होतात, तिथल्या मुलीने चारदा दाबायला लावलं. तुझी परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही असं ठरलं होतं. मी आले आणि तू नापास झालास, तर तू माझ्याकडे बघायला लाजला असतास, आणि मला तुला लाजलेलं बघायला एवढ्या लांब यायचं नव्हतं. व्हिसा परवा हातात आला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट आहे, बाकी प्रांजलीला विचार.

मेफ्राउंना सांग, मेतकूट आणते आहे, मऊ भात तिथे करीन. कानातलं यंत्र लावूनच येईन. दोघींची एकदम शिट्टी वाजली तर तुम्ही बाहेर फिरून या.

इतकी वर्षं पत्राखाली जे लिहिलं नाही ते आज लिहिते. चुकीचा अर्थ लावू नकोस. हे आपल्या दारातलं नाही, तुझ्या शेजारणीच्या दारातलं आहे.

येते,
आत्या